टॉम कूनचा 'नो जाइव्ह थ्री-इन-वन': हातात कसा लागतो, दोरीवर कसा चालतो

दोरीधर

जुन्या यो-योंबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते, पण चर्चा किमतीवर आणि खोक्याच्या अवस्थेवर येऊन थांबते. टॉम कूनच्या लाकडी 'नो जाइव्ह'बद्दल तर हमखास. खेळायला तो कसा आहे हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं आधीचं. अमेरिकेत डंकन कंपनीचे लाकडी यो-यो विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या गावात मेपलच्या लाकडातून बनायचे. १९६५ साली कंपनीचं दिवाळं निघालं, १९६८ मध्ये नाव फ्लॅम्बो या प्लास्टिकवाल्यांकडे गेलं आणि दुकानांत प्लास्टिकचेच यो-यो दिसू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत दातांचा दवाखाना चालवणारे डॉ. टॉम कून हे यो-योचे पक्के खेळाडू. त्यांनी पुन्हा मेपल हातात घेतलं आणि १९७८ मध्ये 'नो जाइव्ह थ्री-इन-वन'चं पेटंट घेतलं. पूर्ण उघडता येणारा, अ‍ॅक्सल (दोन चकत्यांना जोडणारा मधला दांडा) बदलता येणारा हा पहिला यो-यो. त्याआधीच्या लाकडी यो-योत अ‍ॅक्सल चकत्यांमध्ये पक्का बसवलेला असे. तो झिजला किंवा तुटला की खेळ संपला, नवा यो-यो घ्या.

आता हातातली गोष्ट. धातूच्या यो-योची सवय असेल तर पहिल्यांदा हा फार हलका वाटतो. वजनापेक्षाही वजनाच्या जागेमुळे तसं वाटतं. आजच्या धातूच्या यो-योत जास्तीत जास्त वजन कडेला ढकललेलं असतं. इथे लाकूड सगळीकडे सारखं, त्यामुळे मुठीत धरल्यावर तो कुठेच टोचत नाही आणि कुठे जडही लागत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत, पण काचेसारखा नाही. लेझरने नक्षी कोरलेला असेल तर अंगठ्याला रेषा कळतात. थंडीत धातू बोटं गारठवतो, हा लगेच हाताच्या उबेला येतो.

फेकल्यावर खरा फरक. बेअरिंगचा यो-यो (त्यात अ‍ॅक्सलवर छोट्या गोळ्यांचं फिरतं कडं असतं) खाली जाऊन थांबतो तेव्हा दोरी जणू त्याच्यापासून सुटलेली असते, बोटाला जवळजवळ काही जाणवत नाही. नो जाइव्हमध्ये सुती दोरीचा फास थेट लाकडी अ‍ॅक्सलवर घासत असतो. ती बारीक थरथर दोरीतून मधल्या बोटापर्यंत येते. फिरकी कमी होत आली की थरथरीचा पोत बदलतो, जाड होतो, आणि बोटाला आधीच कळतं की आता बोलवायला हवं. किंचित मनगट उचललं की तो वर येतो. तळहातावर बसताना लाकडाचा जो आवाज येतो तो मला फार आवडतो. कोरडा, बुटका आवाज, आणि हाताला मार लागत नाही.

थ्री-इन-वन म्हणजे काय, तर चकत्या उलटसुलट जोडून तीन आकार होतात. दोन्ही फुगीर बाजू बाहेर ठेवल्या तर नेहमीचा यो-यो. दोन्ही आत घेतल्या तर बटरफ्लाय, म्हणजे तोंड उघडं, दोरीवर उतरवायला सोपा. आणि दोन्हींची तोंडं एकाच दिशेला केली तर पगोडा. नेहमीच्या आकारात लूप (यो-यो पुढे फेकून हातात न धरता पुन्हा पुन्हा फिरवणं) फार सुंदर जातात, कारण अरुंद चकती मनगटाच्या वळणाला लगेच ऐकते. बटरफ्लायमध्ये ट्रॅपीझसारखी, म्हणजे फिरता यो-यो दोरीवर उतरवायची, एखादी युक्ती जमते, पण घाईने. पगोडा मला खेळायला कठीण जातो. त्यात दोरीच्या दोन्ही बाजूंचं वजन सारखं बसत नाही, म्हणून तो एका अंगाला कलत जातो. पण तो कल सांभाळत खेळण्यात एक वेगळी मजा आहे आणि मनगट फार शिकतं.

माझं म्हणणं एवढंच की हा यो-यो खेळला गेला पाहिजे. कपाटात ठेवलेला नो जाइव्ह कसा आहे हे त्याच्या मालकालाही माहीत नसतं.

---

चकरी_नागपूर

खूप छान लिहिलंय. एकच प्रश्न. हा फिरतो किती वेळ? माझा अ‍ॅल्युमिनियमचा मी फेकून दुसऱ्या खोलीत पाणी पिऊन आले तरी फिरत असतो, असं म्हणायला हरकत नाही. लाकडीवर काही करायला वेळ तरी मिळतो का?

---

दोरीधर

@चकरी_नागपूर, धन्यवाद. चांगल्या फेकीला काही सेकंद, फार तर पंधरावीस. खास बनवलेले बेअरिंगचे यो-यो अर्ध्या तासाच्या पुढे फिरवले गेलेत, त्या मानाने हे काहीच नाही. पण ह्या थोड्या वेळानेच खेळ ठरतो. फेक सरळ आणि जोरकस नसेल तर पुढचं काही होतच नाही. बेअरिंगवर वाकडी फेकही चालून जाते, मध्येच सावरता येते. इथे फेकीतच सगळं आलं.

शिवाय लाकडी यो-योवर खेळणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत वेगळ्याच युक्त्या वाढवल्यात, स्टॉल म्हणतात त्यांना. यो-यो पूर्ण खाली न जाऊ देता दोरीवर अशा क्षणी टेकवायचा की त्याची फिरकी संपलेली असते. तो दोरीत क्षणभर निवांत बसतो, मग हलका झटका देऊन उलट्या दिशेने पुन्हा उलगडायचा. ह्यात लांब फिरण्याची गरजच नाही. उलट अ‍ॅक्सलने दोरी धरून ठेवायला हवी, आणि लाकूड तेच करतं. आजच्या सैल बेअरिंगवाल्या यो-योला बाइंड केल्याशिवाय, म्हणजे दोरीचा जादा पदर फटीत अडकवल्याशिवाय, परत बोलावता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर हे स्टॉल नीट जमत नाहीत.

---

पाऊसपाणी

मुंबईत राहतो. लाकूड आणि सुती दोरी दोन्ही पावसाळ्यात काय करतात? माझ्याकडे असाच एक साधा लाकडी आहे (कूनचा नाही). जूनपासून तो खाली थांबतच नाही, फेकला की लगेच परत येतो.

---

दोरीधर

हवामानाचा परिणाम होतोच. दमट हवेत दोरी फुगते, अ‍ॅक्सलचं लाकूडही ओल घेतं, पकड वाढते आणि तो झोपत नाही, म्हणजे दोरीच्या टोकाला फिरत थांबत नाही. काही गोष्टी करून पाहा.

दोरीचा फास एकेरीच ठेवा. दुहेरी फास घेतला असेल तर पकड फार होते. दोरी वापरून थोडी मऊ झाली की ती जास्त चांगली फिरते, नवी करकरीत दोरी पावसाळ्यात लगेच अडकते. आणि पिळाकडे लक्ष द्या. दर फेकीने दोरीचा पीळ थोडा वाढतो किंवा उतरतो. फार पीळ चढला की फास अ‍ॅक्सलवर आवळला जातो. यो-यो आडवा, तबकडीसारखा फेकला की पीळ एका दिशेने उतरतो, दुसऱ्या बाजूने फेकला की चढतो. खेळता खेळता ही दुरुस्ती करायची सवय लावून घ्या.

पॉलिएस्टरची दोरी मात्र लाकडी अ‍ॅक्सलवर वापरू नका. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि तुटते. सुती दोरी काळी पडते, शेवटी तुटतेही, पण आधी सूचना देते. बोटाजवळची गाठ आणि अ‍ॅक्सलजवळचा भाग रोज पाहायचा. दोरी स्वस्त आहे, समोर बसलेल्या माणसाचं कपाळ नाही.

---

लेथवरचा

पुण्यात लहानसं वर्कशॉप आहे, लाकूड आणि धातू दोन्ही कातलेलं आहे, म्हणून थोडी भर घालतो.

मेपल का, ह्याचं उत्तर लाकडाच्या छिद्रांत आहे. हार्ड मेपलची छिद्रं बारीक असतात आणि सगळ्या लाकडात सारखी पसरलेली असतात. त्यामुळे कातताना हत्यार एका चालीने जातं आणि दोन चकत्या एकाच वजनाच्या निघायची शक्यता वाढते. घनता घनमीटरला साधारण ७०० किलो. आपल्या सागाची छिद्रं वर्षाच्या वलयांत रांगेने येतात, एक कडा दाट तर एक विरळ. सागाचा यो-यो करून पाहिलाय. दिसायला देखणा, पण फिरताना अंगात कंप.

नो जाइव्हमध्ये ही गोष्ट आणखी कठीण आहे, कारण चकत्या उलटवून जोडायच्या आहेत. पक्क्या जोडलेल्या यो-योत एकच जुळणी नीट साधली की झालं. इथे तिन्ही जुळण्यांत भोक बरोबर मधोमध आणि पृष्ठभागाला काटकोनात हवं. भोक केसभर कललं तर एका जुळणीत कळणार नाही, उलटवल्यावर लगेच डुलेल. १९७० च्या दशकात लाकडात हे साधणं म्हणजे कातणाऱ्याचं कसब.

---

सावंतवाडीकर

@लेथवरचा, आमच्याकडे चितारआळीत भोवरे, फळं, बाहुल्या कातणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून असा यो-यो करून घेता येईल का? मनापासून विचारतोय. मुलीला प्लास्टिकचा द्यायचा नाही.

---

लेथवरचा

नक्की येईल, फक्त लाकूड सांगून घ्या. सावंतवाडीच्या खेळण्यांत पांगारा खूप वापरतात. तो हलका आणि मऊ, रंगाला छान, पण यो-योला वजन कमी पडतं आणि कडा लगेच दबतात. शिसव मिळाली तर उत्तम, ती मेपलहून थोडी जडच आहे. दोन्ही चकत्या एकाच तुकड्यातून, शेजारीशेजारी कापलेल्या घ्यायला सांगा, म्हणजे वजन जुळेल. अ‍ॅक्सल मुलीच्या करंगळीहून बराच बारीक. मधली फट दोरीच्या जाडीच्या दुपटीहून थोडी कमी ठेवा. फट मोठी झाली तर तो परत येणार नाही आणि ती वैतागेल.

पहिल्या यो-योला उघडणारी रचना नको. पक्का जोडलेला करून घ्या.

---

खोकंबंद

धागा वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण मूळ मुद्द्याशी असहमत आहे, आणि ठामपणे.

जुने, सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्त्याचे, नक्षी शाबूत असलेले नो जाइव्ह आता नव्याने होणार नाहीत. प्रत्येक खेळाने त्यातलं काही कमी होतं. फरशीला एकदा लागला की कड दबते, वॉक द डॉग (फिरता यो-यो जमिनीवर चालवणं) केलं की पॉलिश जातं, हाताच्या घामाने लाकूड काळवंडतं. ज्याला खेळायचं आहे त्याने नवीन लाकडी घ्यावा, आज चांगले मिळतात. ज्याच्याकडे जुना आहे त्याने तो सांभाळावा. पन्नास वर्षांनी कुणाला पाहायचा असेल तर काय दाखवणार, झिजलेली चकती? मी माझे यो-यो नायट्राइलचे (पातळ रबरी) हातमोजे घालून हाताळतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

---

चकरी_नागपूर

खोकंबंद यांचं पटतंय थोडं. आजोबांची पानाची चंची आमच्याकडे कपाटातच आहे, कुणी वापरत नाही, आणि म्हणूनच ती शिल्लक आहे.

---

दोरीधर

@खोकंबंद, तुमची काळजी खरी आहे. सांभाळणारे आहेत म्हणून तर आज आपल्याला जुने नग पाहायला मिळतात. तरी मला वाटतं की ह्या विशिष्ट यो-योला तो नियम लावणं त्याच्या रचनेशी जुळत नाही.

पेटंट कशाचं घेतलं होतं ते पाहा. उघडण्याचं. मधला स्क्रू सोडवायचा, चकत्या वेगळ्या करायच्या, झिजलेली लाकडी नळी काढायची, नवी घालायची, पुन्हा कसायचं. ही सगळी खटपट एकाच कारणासाठी आहे: अ‍ॅक्सल झिजणारच हे धरून चाललंय. दोरी लाकडाला घासते तिथे बारीक खाच पडते, खाचेत दोरी रुतते, मग तो झोपत नाही. पूर्वी तिथे यो-यो संपायचा. कूननी झिजणारा भाग वेगळा काढला, म्हणजे बाकीच्या दोन चकत्या खूप वर्षं खेळता येतील. न फेकलेल्या नो जाइव्हमध्ये हीच कल्पना कधी कामाला येत नाही. डंकनचा जुना पक्का अ‍ॅक्सलवाला यो-यो असता तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. तिथे प्रत्येक फेक आयुष्य कमी करते हे अक्षरशः खरं आहे.

बाकी तुम्ही म्हणता ते पाळतोच. कोरीव नक्षीचा असेल तर वॉक द डॉग करत नाही, फरशीवर खेळत नाही, गवतावर किंवा सतरंजीवर खेळतो. मूळ अ‍ॅक्सल जपायचा असेल तर काढून पाकिटात ठेवायचा आणि दुसरा घालून खेळायचं. संग्राहकाचं मोल आणि खेळाडूचा आनंद, दोन्ही राहतं. चकत्यांवर हाताचा रंग चढतो हे मान्य. मला तो रंग आवडतो, तुम्हाला आवडणार नाही, इथे आपलं जमणं कठीण आहे.

---

खोकंबंद

मूळ अ‍ॅक्सल पाकिटात आणि दुसरा खेळायला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कोरीव नग मात्र माझ्याकडून हलणार नाहीत. दोन-दोन असलेल्यांपैकी एक साधा उघडून पाहीन.

---

चिकोची_वाट

सॅक्रामेंटोला असतो. इथून उत्तरेला चिको गावात राष्ट्रीय यो-यो संग्रहालय आहे, बर्ड इन हँड नावाच्या दुकानाच्या मागच्या भागात. कूनचा 'बिग-यो' तिथेच आहे. नो जाइव्हचाच प्रचंड आकार: जवळजवळ ५० इंच व्यासाचा, २५६ पौंडांचा, म्हणजे साधारण ११६ किलोचा, लाकडाचा. क्रेनने टांगून तो खरोखर वरखाली चालवला गेलाय आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मुलांना घेऊन गेलात तर आधी तोच दाखवा.

ऑक्टोबरमध्ये गावच्या चौकात अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरते. मंचावर सगळे धातू आणि प्लास्टिकचे बेअरिंगवाले, पण झाडांखाली उभं राहून लाकडी खेळणारे हमखास भेटतात आणि विनंती केली की हातात देतात. विकत घेण्याआधी खेळून पाहायची ह्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

---

अवकाशवेडा

थोडं अवांतर, पण कूनचंच. त्यांनी १९९० मध्ये 'एसबी-२' आणला, अ‍ॅल्युमिनियमचा, बॉल बेअरिंगचा. म्हणजे लाकडाला घट्ट धरणाऱ्या माणसानेच बेअरिंगचा जमाना जवळ आणला. १९९२ च्या अटलांटिस शटल मोहिमेत अंतराळवीर जेफ्री हॉफमन हा यो-यो बरोबर घेऊन गेले होते. त्याआधी १९८५ मध्ये डिस्कव्हरी शटलवर खेळण्यांच्या प्रयोगात यो-यो होता. वजनरहित अवस्थेत तो दोरीच्या टोकाला झोपू शकत नाही, कारण खाली ओढणारं काही नाही आणि दोरी ताणलेली राहत नाही. टोकाला पोचला की परत फिरतो. पण अगदी सावकाश फेकला तरी डौलात जातो, जे पृथ्वीवर अशक्य.

@दोरीधर, एसबी-२ खेळलात का? तुलना वाचायला आवडेल.

---

दोरीधर

खेळलोय, मित्राचा. चकत्या फिरवून मधली फट कमीजास्त करता येते, हे त्या काळात मोठं होतं. आवाज सुरेख, धातूचा बारीक स्वर. आजच्या मानाने अरुंद आणि चटकन परत येणारा. लूप आणि दोरीवरच्या जुन्या युक्त्या दोन्ही होतात. मला तो आदराने आठवतो, पण जीव नो जाइव्हवर आहे. एसबी-२ चांगला खेळतो, आणि त्याच्यासारखे पुढे खूप झाले. नो जाइव्हची ती बोटाला कळणारी थरथर बेअरिंगने कायमची नेली.

---

रंगरेषा

इतक्या अमेरिकन गप्पांत एक आपल्याकडची भर. बुंदी किंवा कोटा शैलीतलं साधारण १७७० चं एक राजस्थानी लघुचित्र आहे, त्यात एक स्त्री दोरीची चकरी खेळताना दाखवली आहे. दोरी ताणलेली, चकती खाली, आणि हात अगदी बरोबर जागी. चित्रकाराने खेळ जवळून पाहिला असणार. आपल्याकडे हा खेळ जुना आहे आणि स्त्रिया खेळत होत्या, म्हणून मला ते चित्र फार प्रिय आहे.

---

चकरी_नागपूर

@रंगरेषा, माझ्या आयडीला आज अर्थ आला! चित्र शोधते.

---

नवखा_ठाणे

सगळं वाचून घ्यावासा वाटतोय. परदेशातून मित्र आणणार आहे, वापरलेला. विकणाऱ्याला काय विचारू?

---

लेथवरचा

तीन फोटो मागा. उघडून, अ‍ॅक्सल वेगळा काढलेला. चकत्यांच्या दोन्ही बाजू. आणि कडेने, सरळ रेषेत, म्हणजे चकत्या एकमेकींना समांतर आहेत का ते कळेल. लाकूड ओलसुक होऊन वाकलं असेल तर ते पुन्हा सरळ होत नाही, अ‍ॅक्सल बदलूनही डुलणारच. भोकाभोवती बारीक तडा आहे का ते नीट पाहा, जास्त कसल्याने जातो.

---

दोरीधर

आणि विचारा की किती खेळलेला आहे. 'खूप खेळलेला' असं उत्तर आलं आणि चकत्या सरळ असतील तर निर्धास्त घ्या. झिजलेल्या अ‍ॅक्सलमुळे किंमत कमी करून मागता येते, आणि नवा अ‍ॅक्सल कुणीही चांगला सुतार बनवून देईल. आल्यावर स्क्रू हातानेच घट्ट करा, पक्कड लावू नका. सुती दोरी, एकेरी फास, बेंबीपर्यंत लांबी. पहिले काही दिवस फक्त सरळ फेक आणि परत. तिन्ही आकार त्यानंतर.